जुन्या मोटारींतील काष्ठकाम : एक उपेक्षित इतिहाससाधन

घनसावंगीचा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होता. तेव्हा या भागातील मोटारयुगाचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकाला हैदराबादकडे वळणे क्रमप्राप्त होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागविलेली रोल्स-रॉइस तेथे चौमहल्ला राजवाड्यात आहे. ते ऑगस्ट १९११ मध्ये निवर्तले आणि लंडनच्या बार्कर कंपनीने सजविलेली ही १९१२ ची गाडी त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. तिच्यातील सिंहासनवजा आसनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अशा पिढीतील गाड्यांच्या अंतर्भागातील लाकडाकडे इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने त्याचा पुरावा पुसला जातो.

त्या काळच्या उंची इंग्रजी गाड्यांत साध्या लाकडाच्या फळीवर अक्रोडाच्या गाठीदार लाकडाचा, बहुधा एक मिलिमीटरहून पातळ असा पापुद्रा सरसाने चिकटवीत व त्यावर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे पॉलिश देत. ही लाख बहुतांशी हिंदुस्थानातूनच जात असे. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधन संस्थाही स्थापन झाली. आपल्याच रानातील लाख विलायती फळीवर चढून दख्खनेत परत यावी, हा योग गमतीचा खरा!

या थरांना कालक्रम असतो. नायट्रोसेल्युलोजचे लॅकर मोटारउद्योगात १९२० नंतरच्या दशकात रूढ झाले. १९१२ च्या फळीवर ते आढळल्यास मागाहून झालेल्या कामाचा तो पुरावा होय. आपल्याकडील सुतारांच्या हाती फेव्हिकॉल १९५९ पासून आले, त्यामुळे त्याचा जोड त्यापूर्वीचा असू शकत नाही. एकाच ओंडक्याचे लगतचे दोन पापुद्रे आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे समोरासमोर बसवीत. ही जोडी मोडलेली दिसली, म्हणजे एक तुकडा बदलला गेला असे समजावे. फळीच्या पाठीवरील पेन्सिलीच्या खुणा व आकडेही असेच बोलके असतात.

गोदाकाठचा कडक उन्हाळा आणि त्यामागून येणारी पावसाळी दमट हवा यांनी लाकूड आकुंचते व फुगते. सरसही दमटपणाने सुटतो. पण ज्या गुणामुळे सरस सुटतो, त्याच गुणामुळे तो ऊब व ओल देऊन पुन्हा बसविताही येतो. सुटलेल्या पापुद्र्याखाली पातळ सरस सोडून वर वजन ठेवणे, हे काम सरस शिजविणारा जुना सुतार सहज करी. पापुद्रा घासून त्यावर काचेसारखे जाड पॉलिएस्टर चढविण्याची हल्लीची चाल मात्र प्रस्तुत लेखकास मान्य नाही. त्यात गाडी नवी दिसते, आणि तिचा दस्तऐवज पॉलिशपेपरच्या भुकटीबरोबर झाडून टाकला जातो.

कामापूर्वी दडलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा. थर मऊ पडला तर तो बहुधा लाखेचा. जे तुकडे काढावेच लागतील ते फेकू नयेत. प्रत्येकावर जागा व दिनांक लिहून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत.