फ्रेंच पोर्सलीनवरील विनोदी राशिचक्र : काही भाषिक निरीक्षणे

रंगविलेल्या फ्रेंच पोर्सलीनचा इतिहास बहुधा माती आणि भट्टी यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १७५६ साली राजाश्रित निर्मितिशाळा व्हँसेनहून सेव्र येथे आली. १७६८ च्या सुमारास लिमोजजवळ सँतिर्ये येथे केओलिन सापडून कठीण पोर्सलीनचा मार्ग मोकळा झाला. एवढे सर्वत्र नमूद असते. थाळीवरील चित्र पाहून माणसे का हसत, हा प्रश्न मात्र अलंकरणाच्या सदरात ढकलला जातो. विनोदी राशिचित्रांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते, कारण त्यांतील विनोद रेषेपेक्षा शब्दात अधिक असतो.

मेष, वृषभ आणि मकर या तीन राशी शिंगांच्या. ज्याची पत्नी परपुरुषगामिनी, त्या नवऱ्याला फ्रेंच भाषेत ‘शिंगे’ असतात. मोलिएरच्या प्रेक्षकांपासून एकोणिसाव्या शतकातील व्यंगचित्रकारांपर्यंत हा संकेत सर्वपरिचित होता. त्यामुळे मकर राशीखाली एखादे ऐटबाज पतिराज उभे केले की अधिक काही लिहावे लागत नाही. आपल्याकडील मकर मात्र जलचर. फ्रेंच ‘काप्रिकोर्न’ हा व्युत्पत्तीने बोकडशिंग्या. चित्र जसेच्या तसे मराठी वाचकापुढे ठेवले तरी विनोद वाटेतच गळून पडतो.

कर्क राशीला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एक्रव्हिस’ असेही म्हणत. हा गोड्या पाण्यातील, नांग्यांचा, मागे सरकणारा प्राणी. दक्षिणायनारंभी सूर्य मागे वळतो म्हणून या राशीस खेकडा, असे स्पष्टीकरण पाचव्या शतकातील माक्रोबिउसने दिले आहे. दिलेला शब्द फिरविणारा गृहस्थ रंगविण्यास चित्रकाराला याहून सोयीची रास कोणती मिळणार?

कुंभेचे फ्रेंच नाव ‘व्हर्सो’, म्हणजे पाणी ओतणारा; मूळ ग्रीक ‘हुद्रोखोओस’चा तो शब्दशः अनुवाद होय. हेच ग्रीक नाव वराहमिहिराच्या बृहज्जातकात ‘हृद्रोग’ होऊन अवतरते! अर्थ सोडून नाद धरल्याने झालेला हा विनोद अहेतुक आहे, इतकेच.

हाताने रंगविलेल्या पोर्सलीनवर झिलईवरचे रंग मंद आचेच्या भट्टीत पक्के करावे लागत. काम सावकाश व खर्चिक होते. १८०८ साली लेग्रो दानिझी व त्याच्या सहकाऱ्यांनी मृत्पात्रांवर छाप उठविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे स्वस्त फायान्सवर चित्राखाली मजकूर छापलेल्या, क्रमांक घातलेल्या ‘बोलक्या थाळ्या’ घरोघर पोहोचल्या, त्या पुष्कळदा बाराच्या संचात. श्लेष ओळखण्याचे काम तेथे पाहणाऱ्याकडे उरले नाही. ते चित्राखालच्या ओळीने उचलले.