टेनेसीच्या शालेय क्रीडासंघाची सनद

सनद नाहींशी झाली म्हणजे वतनाचा अंमल संपला, असें कोणी संशोधक म्हणत नाहीं. वहिवाट कोणाची, वसूल कोणाचा, निवाडा कोणाचा, हें पाहूनच तो निर्णय करितो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शालेय खेळांच्या कारभाराचा एक वाद याच कसोटीवर पाहण्याजोगा आहे. म्हणून त्यांतील कागदांचा क्रम आम्ही येथें देत आहों.

त्या देशांत हायस्कुलांच्या सामन्यांचें नियमन मध्यवर्ती सरकार करीत नाहीं. बहुतेक संस्थानांत शाळांनीं मिळून स्थापिलेला एक संघ असतो. खेळाडूचें वय, अभ्यास, शाळाबदल यांचे नियम तोच करितो व दंडहि तोच ठरवितो. टेनेसी संस्थानांतील संघ १९२५ सालीं नोंदला गेला. १९७२ सालीं तेथील सरकारी शिक्षणमंडळानें नियम करून सरकारी शाळांच्या सामन्यांची देखरेख या संघाकडे सोंपविली. हीच त्याची सनद. १९९६ सालीं मंडळानें तो नियम वगळला.

पुढच्याच वर्षीं ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेवर संघानें दंड बसविला. तिच्या फुटबॉल-शिक्षकानें आठवीच्या मुलांस सरावाचें निमंत्रणपत्र धाडिलें, हा अपराध. तीन हजार डॉलर दंड, चार वर्षें देखरेख, आणि फुटबॉल व मुलांचें बास्केटबॉल यांच्या अंतिम स्पर्धांस दोन वर्षें बंदी. हायस्कुलाचीं वर्षें चारच. तेव्हां ही बंदी मुलांच्या खेळण्याच्या काळाचा निम्मा भाग व्यापणारी होती.

शाळेनें भाषणस्वातंत्र्याचा भंग झाल्याची फिर्याद केली. संघाचें उत्तर असें कीं, आम्ही खासगी मंडळी. राज्यघटनेचीं बंधनें सरकारावर, आम्हांवर नव्हत. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं हें उत्तर अमान्य केलें. सभासदांपैकीं २९० शाळा सरकारी व ५५ खासगी. कारभारी सभासद-शाळांच्या मुख्याध्यापकादि अधिकाऱ्यांतून निवडलेले. शिक्षणमंडळाचे सदस्य पदसिद्ध बसणारे. नोकरांस सरकारी निवृत्तिवेतनाची सोय. नियम वगळल्यानें शब्द गेले, व्यवहार तोच राहिला, असा निकालाचा आशय आहे. विरुद्ध मताच्या न्यायाधीशांचें म्हणणें, संघ सरकारनें निर्मिला नाहीं, पोसला नाहीं, चालविलाहि नाहीं. हा आक्षेप दुर्बल नव्हे. परंतु वहिवाटीचा पुरावा त्याहून भारी आहे, असें आम्हांस वाटतें.

या निकालानें शाळा सुटली मात्र नाहीं. २००७ सालीं त्याच न्यायालयानें संघाचा नियम घटनेस धरून असल्याचें ठरविलें. म्हणजे दंड करण्याचा संघाचा अधिकार राहिला. त्याबद्दल घटनेपुढें जाब देण्याची जबाबदारी तेवढी त्याच्या माथीं आली. दोन्ही निकाल एकत्र वाचल्यावांचून यांतील अर्थ लागत नाहीं.

आमच्या अभ्यासकांनीं यांतून एवढें घ्यावें: १९९६ ही सनद रद्द झाल्याची तारीख होय, अंमल पालटल्याची नव्हे. दप्तरांत जेथें जेथें असा रद्दनामा सांपडेल, तेथें पुढील वर्षांचे हिशेब व निवाडे पाहिल्याखेरीज सत्तेचा शेवट झाला असें लिहूं नये.