संहितेविना आख्यान : भूमिकाखेळाची मोहीम आणि कोकणातील उत्स्फूर्त नाट्याची परंपरा

प्रास्ताविक

चार-सहा मित्र एका मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एकजण सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एका कल्पित पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलात. समोर गुहा आहे आणि आतून धूर येत आहे." आपले पात्र आता काय करील, हे प्रत्येक खेळाडू स्वतःच्या शब्दांत सांगतो. कृती सफल होईल की नाही याविषयी शंका असेल तेव्हा फासा टाकला जातो. आलेले दान सूत्रधारालाही मान्य करावे लागते. आज सोडलेली कथा पुढच्या आठवड्यात तेथूनच पुढे सुरू होते. अशी मालिका महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालते. इंग्रजीत तिला 'कॅम्पेन' म्हणतात. मराठीत 'मोहीम' हा शब्द तिला चपखल बसतो. या खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. या खेळप्रकाराला प्रस्तुत लेखात 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या परिसरातील अध्यापकाला हा विषय प्रथमदर्शनी परका वाटण्याची शक्यता आहे. धरमतर खाडीलगतच्या डोलवीसारख्या गावात पोलाद कारखान्यामुळे निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे एकत्र आली. अशा वस्तीतील तरुणाच्या हाती भूमिकाखेळ पडलाच, तर तो इंग्रजी नियमपुस्तकांतून आणि पाश्चात्त्य राक्षस-परींच्या वेषातच पडणार. मात्र नियमपुस्तक बाजूला ठेवून खेळाच्या क्रियेकडे पाहिले, तर एक सूत्रधार, सर्वांना ठाऊक असलेले कथाविश्व आणि आयत्या वेळी सुचलेली भाषणे हे तिचे तीन घटक दिसतात. कोकणाने हे तिन्ही घटक शतकानुशतके जोपासले आहेत. या साम्याचा आणि त्यातील महत्त्वाच्या भेदाचा ऐतिहासिक विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

युद्धपटापासून भूमिकाखेळापर्यंत

आजच्या भूमिकाखेळाची वंशावळ लष्करी शिक्षणापर्यंत मागे नेता येते. प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'क्रीगस्पील' म्हणजे युद्धखेळ सिद्ध केला. पुत्राने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत नकाशा, सैन्यदर्शक ठोकळे, फासे आणि दोन्ही पक्षांमध्ये बसणारा पंच अशी योजना होती. खेळाडू आपले हुकूम पंचाला कळवीत. पंच फाशांच्या व कोष्टकांच्या साहाय्याने परिणाम ठरवी. कोष्टकांचा हा भार पुढे जड वाटू लागला. १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेरनुआ या प्रशियन अधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर भर देणारी पद्धत मांडली. निर्णय नियमाने करावा की जाणत्याच्या विवेकाने, हा वाद भूमिकाखेळात आजही चालू आहे.

१९६९ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' हा प्रयोग केला. नेपोलियनच्या काळातील एका कल्पित जर्मन गावावर तो बेतलेला होता. त्यात काही खेळाडूंच्या वाट्याला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती आली. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी विद्यापीठाचा कुलपती. त्यात सहभागी झालेल्या डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' या अद्भुत प्रदेशात आपली मोहीम सुरू केली. आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. सेनापतीच्या जागी एकटे पात्र आले आणि हुकमाच्या जागी संवाद आला. युद्धपटाचे नाट्यात रूपांतर झाले ते येथे.

दशावतार : सूत्रधार आणि उत्स्फूर्त भाषण

सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यातील दशावताराकडे पाहिल्यास हे नाट्य आपल्याला नवे नाही, हे ध्यानी येते. श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास हा प्रकार कोकणात आणला, अशी परंपरा सांगितली जाते. परंतु सतराव्या शतकातील 'दासबोधा'त दशावतारी खेळाचा उल्लेख आढळतो. त्यामुळे १७२८ हे वर्ष या कलेच्या जन्माचे मानता येत नाही. फार तर कोकणातील एका विशिष्ट रूपाच्या प्रसाराशी त्याचा संबंध जोडता येईल.

कार्तिकानंतर गावोगावी जत्रा सुरू होतात. रात्री पालखीचा सोहळा आटोपला की देवळासमोर खेळ उभा राहतो. नेपथ्य म्हणून एखादे बाक पुरते. पूर्वरंगात गणपती, मोरावर बसलेली सरस्वती आणि संकासुर येतात. उत्तररंगात आख्यान होते. साथीला हार्मोनियम, मृदंग आणि झांज असतात. पहाटे दहीकाल्याने खेळ संपतो.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, परंपरागत दशावतारात नटाच्या हाती लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावावयाचे हे ठरले की मंडळीतील जाणता माणूस प्रवेशांचा क्रम सांगतो : कोणी केव्हा यावयाचे, कोणाशी कलह करावयाचा, कोठे युद्ध व्हावयाचे. पुढील संभाषण ज्याचे त्याने रचावयाचे. राजाची भूमिका करणाऱ्याला पुराणकथा, राजधर्म आणि प्रौढ भाषा अवगत असावी लागते. समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला तर त्याच तोलाचे उत्तर द्यावे लागते. गायक-सूत्रधार, म्हणजे 'नाईक', पद उचलून प्रवेशाला दिशा देतो आणि लांबलेले संभाषण आवरतोही. त्याचा अधिकार मोठा असला तरी निरंकुश नसतो. नटांनी साथ दिली नाही तर आख्यान पुढे सरकत नाही. भूमिकाखेळाच्या सूत्रधाराची स्थिती नेमकी हीच असते.

या नाट्याचे विश्वही अद्भुताचे आहे. राक्षस, शाप, वर, मायावी रूपे यांशिवाय आख्यान रंगत नाही. पुढील काळात पुराणाबाहेरची, स्वतंत्र कल्पनेतून रचलेली कथानकेही दशावतारी मंडळींनी स्वीकारली. यावरून कथाविश्वाची चौकट सर्वांच्या परिचयाची असली म्हणजे तिच्यात नवी पात्रे आणि नवे प्रसंग सहज सामावतात, असे दिसते.

विष्णुदास भावे आणि लिखिताचा वरचष्मा

नागर रंगभूमीचा आरंभही संहितेविना झाला, याची नोंद येथे घेणे आवश्यक आहे. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यावर सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसा खेळ मराठीत करण्यास प्रोत्साहन दिले आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग झाला. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदे म्हणे. पदातील आशय धरून नट स्वतःच्या शब्दांत भाषण करीत. नटवर्गात राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी असे विभाग असत. राक्षसांच्या आरोळीवरून अशा खेळांना पुढे 'अलल्लडुर्र' नाटके असे उपहासाने म्हटले जाऊ लागले.

हा उपहास प्रामुख्याने इंग्रजी शिक्षण घेतलेल्या वर्गाने केला. त्या वर्गाला घोटीव, लिखित नाटक हवे होते. वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ मध्ये आले. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचा 'ऑथेल्लो'चा अनुवाद १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. या 'बुकिश' नाटकांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा आणि अध्यापकांचा आश्रय लाभला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा नटाने लिहिलेले शब्दच म्हणावयाचे, हा दंडक रूढ होत चालला होता. लिखित नाटकाने मराठी रंगभूमीला जे वैभव दिले त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर उत्स्फूर्त भाषण हे अशिक्षितपणाचे लक्षण ठरले आणि हे ठरविण्यात आपल्या महाविद्यालयांचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे.

याचा परिणाम इतिहासलेखनावर झाला. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ मध्ये छापला गेला; त्यामुळे त्यांची पदे आपल्याला वाचता येतात. त्या पदांमागून नटांनी जी भाषणे केली, ती त्या त्या रात्रीच विरून गेली. राज्यकर्त्यांची पकडही लिखितावरच घट्ट बसे. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने सरकारला प्रयोग बंद करण्याचा अधिकार मिळाला. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली. त्या नाटकाचा शब्द न्‌ शब्द तपासता येत होता. दशावतारी नटाने त्याच कथेत कीचकाच्या तोंडी काय घातले, हे तपासावयास दुसऱ्या दिवशी काहीच उरत नव्हते. ज्या गुणामुळे उत्स्फूर्त नाट्य मोकळे राहिले, त्याच गुणामुळे ते दप्तरात आले नाही.

फासा : साम्याची मर्यादा

येथवरच्या साम्यावरून भूमिकाखेळ मूळचा आपलाच, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. दशावतारात कीचकाचा वध व्हावयाचाच असतो. नटाला शब्दांचे स्वातंत्र्य आहे. परिणाम बदलण्याचे नाही. भूमिकाखेळात परिणामही अनिश्चित असतो, कारण तेथे फासा आहे. शिवाय जत्रेतील खेळ प्रेक्षकांसाठी आणि देवासाठी होतो; मेजाभोवतीच्या खेळाला खेळाडूंखेरीज प्रेक्षक नसतो.

फासे आणि पट यांची आपली परंपराही समृद्ध आहे. सारीपाट घरोघरी होता. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेल्या मोक्षपटात सोंगटीचा प्रवास हा जिवाचा प्रवास मानला गेला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा संच १२० गोल पानांचा असतो; दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येकी बारा पाने. ज्या प्रदेशात रात्री देवळासमोर दशावतार उभा राहत होता, त्याच प्रदेशात हे अवतार खेळाच्या पानांवरही रंगविले जात होते. तरीही पाने खेळणारा वामन किंवा नरसिंह होऊन बोलत नव्हता आणि दशावतारी नट पान उचलून आपले भवितव्य ठरवीत नव्हता. दोन परंपरा शेजारी राहिल्या. त्यांचा संकर झाला नाही. तो अन्यत्र, युद्धखेळाच्या मार्गाने झाला.

फासा आणि भूमिका एकत्र आल्यास पंच का लागतो, याचे उत्तर मात्र आपल्याकडे फार पूर्वी नोंदविले गेले आहे. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिर स्वतःला हरतो आणि त्यानंतर द्रौपदीला पणाला लावतो. जो स्वतःलाच हरला त्याला आपल्याला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, असे द्रौपदी विचारते. हा नियमाचा प्रश्न आहे. सभेत वडीलधारे आहेत, नियम जाणणारे आहेत. पण निर्णय देण्यास बांधलेला पंच नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणून भीष्म थांबतात. या मौनाची किंमत द्रौपदीला चुकवावी लागते. मेजाभोवती बसलेले मित्र एकाला सूत्रधार नेमतात आणि त्याचा निर्णय मानण्याचे आधीच कबूल करतात, तेव्हा सभापर्वातील ही उणीव ते आपल्यापुरती भरून काढीत असतात. सूत्रधाराने पक्षपात केला तर मोहीम मोडते. खेळाडूंनी निर्णय झुगारला तरीही मोडते. परस्परविश्वास हाच या खेळाचा खरा नियम होय.

समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. भूमिकाखेळाचे नियम परदेशी असले तरी त्यातील बोलण्याची कला कोकणच्या माणसाला अपरिचित नाही. शिमग्याच्या सोंगांत, जाखडीच्या सवालजवाबांत आणि दशावताराच्या आख्यानात ती त्याने वापरली आहे. तसेच अशा कलेचा इतिहास लिहावयाचा असेल तर छापील साधने अपुरी पडतात.

ही दुसरी गोष्ट अध्यापकांच्या दृष्टीने अधिक निकडीची आहे. डोलवी, पेण, रोहा या पट्ट्यात उद्योग आले, वस्ती बदलली, रात्रपाळीच्या वेळापत्रकाने गावच्या रात्रीही बदलल्या. ज्यांनी तरुणपणी सोंगे घेतली ते आता वृद्ध आहेत. आपण कोणते आख्यान केले, प्रवेश कोणी सांगितला, ऐन वेळी शब्द अडला तेव्हा कोणी सावरून घेतले, हे फक्त तेच सांगू शकतात. महाविद्यालयातील इतिहास आणि मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकरवी या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. त्याच विद्यार्थ्यांपैकी कोणी मित्रांसह मोहीम चालवीत असेल, तर तिची टिपणवही जपून ठेवण्यास त्याला सांगावे. एकोणिसाव्या शतकातील महाविद्यालयांनी न लिहिलेल्या शब्दाला कमी लेखले. त्या शब्दाची नोंद ठेवण्याचे काम आजच्या महाविद्यालयांनी अंगावर घेतले, तर त्या चुकीची काही अंशी भरपाई होईल.