बंडीतला मुक्काम

चाकांवरचं घर घेऊन पाण्याकाठी मुक्काम करणं आज अटलांटिक किनाऱ्यावरच्या मोटारघरांची चैन वाटते. पण घुग्घुसजवळ वढ्याला, वर्धा-पैनगंगेच्या संगमावर, कार्तिक पौर्णिमेला भरणारी यात्रा पाहिली की हा बेत आपल्याकडे जुना आहे, असं माझं ठाम मत बनतं. बैलबंडीत शिधा, भांडी, अंथरुणं आणि बैलांचा चारा भरायचा, रात्री बंडीखाली निजायचं. अटलांटिकवर जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम सांभाळावा लागतो. इथे पावसाळा टाळत. कार्तिकात पूर ओसरलेला असतो आणि चिखलात रुतलेल्या वाटा बंडीजोगत्या होतात.

कुणी म्हणेल, तिथी पंचांगाने ठरते, सोयीने नव्हे. आणि सोय म्हटलीच, तर ती पौर्णिमेच्या चांदण्याची. चांदण्याचा मुद्दा मात्र मार्कंड्याला टिकत नाही. वैनगंगेकाठची ती यात्रा महाशिवरात्रीची, म्हणजे जवळजवळ अंधाऱ्या रात्रीची. दोन्हीकडे समान आहे ते उतरलेलं पाणी. मार्कंड्याच्या वेळी तर धान घरात आलेलं, बैल मोकळे आणि तणसही हाताशी. पंचांगात पवित्र तिथी पुष्कळ आहेत. त्यांतल्या नेमक्या कोणत्या तिथीला नदीकाठी गाव लोटेल, हे नदीने आणि शेतीने ठरवलं, असं मला वाटतं. याने भक्ती उणी होत नाही. चैत्र पौर्णिमेला चंद्रपूरच्या महाकालीला मराठवाड्यातून भाविक येतात, ते विदर्भाचं ऊन अंगावर घेऊन. पण तेव्हाही शेतातली कामं उरकलेली असतात.