उंबरठ्यावरचा ख्रिस्त

जबलपूरच्या मराठी घरांत वाढलेल्या माझ्या पिढीला ख्रिस्ताची ओळख दोन वाटांनी झाली. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या शहरात पुढे छावणी आली, रेल्वे आली, मिशन आले. १९२३ पासून येथे लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. म्हणजे ख्रिस्त शेजारीच होता. पण तो शेजाऱ्यांचा होता. दुसरी वाट क्रमिक पुस्तकातून येत होती. फुलांवर आणि मुलांवर लिहिणारे टिळक आम्ही तोंडपाठ केले, आणि त्यांच्या नावामागच्या ‘रेव्हरंड’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ उशिरा समजला. तो समजला तेव्हा वडीलधाऱ्यांनी एकच शेरा मारला : ‘माणूस थोर, पण बाटला.’ याच घरांत सुशिक्षितांच्या तोंडी आणखी एक वाक्य असे : ‘ख्रिस्त हवा, पाद्री नको.’ पहिल्या वाक्यात अनुदारपणा आहे, दुसऱ्यात उदारपणा आहे, असे मी अनेक वर्षे मानत आलो. आता तसे वाटत नाही. या दुसऱ्या वाक्यालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या भाषेतच घडलेला आहे.

या इतिहासाचा आरंभ महात्मा फुल्यांपासून करणे योग्य ठरेल. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता. परंतु त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी ख्रिस्ताला चर्चच्या वेदीवरून उचलले आणि बळीराजाच्या परंपरेत आणून बसवले. दीनदुबळ्यांसाठी उभा राहिलेला आणि त्यापायी छळला गेलेला तो पश्चिमेकडील बळी होय, ही त्यांची धारणा. शेतकऱ्याच्या घरी ज्या राजाचे राज्य येवो म्हणून ओवाळणी होते, त्याच्याशी नाझरेथच्या सुताराचे नाते जोडणे ही कल्पना धर्मशास्त्राच्या कोणत्याही चौकटीत बसणारी नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तर एकाच कुटुंबात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊन सर्वांनी गोडीने नांदावे, असे चित्र येते. जोतीरावांनी ख्रिस्ताचा आदर्श घेतला तो आपल्या लढ्याला उपयोगी पडणारा म्हणून, आणि त्याचे मोलही दिले. शूद्रातिशूद्रांसाठी त्यांनी शाळा काढल्या, स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. संघटित धर्माबाहेर राहूनही त्यांचा आदर निष्क्रिय राहिला नाही.

पंडिता रमाबाईंची वाट याहून वेगळी. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु पंथाची मते जशीच्या तशी स्वीकारण्याचे त्यांनी नाकारले. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून धर्मगुरूंच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्या तीत वाद घालताना दिसतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून एवढ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याच्या जोखडात मान देण्याची त्यांची तयारी नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या या मध्य प्रांतातून निराधार मुलींना घेऊन त्या गेल्या, तेव्हा त्यांच्यामागे श्रद्धा होती ती ख्रिस्तावरची. कोणत्याही एका पंथाची शिस्त नव्हे. रमाबाई ख्रिस्ती होत्या, पण कुंपणाची मालकी त्यांनी कोणालाही दिली नाही.

तिसरे आणि या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधक उदाहरण नारायण वामन टिळकांचे. त्यांच्या परिवर्तनाची सुरुवातही याच प्रांतात झाली, ही गोष्ट आम्हा मध्य प्रदेशीय मराठी माणसांनी विसरू नये. १८९३ च्या सुमारास नागपूर सोडून नोकरीसाठी राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. त्याने ‘नवा करार’ हाती दिला. वाचण्याचे वचन दिले होते म्हणून टिळकांनी तो वाचला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. संस्कृताचा व्यासंग आणि धर्मचिकित्सेची ओढ असलेल्या त्या तिशीतल्या कवीला तेथे सिद्धान्त भेटला नाही. शत्रूवर प्रेम करण्याची, उजव्या हाताचे दान डाव्यास कळू न देण्याची एक आचारकल्पना भेटली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीची आणि मुलाची ताटातूट झाली, आप्तांची दारे बंद झाली. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, त्याही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना आधी स्वतःला पटावे लागले. ‘स्मृतिचित्रे’तला तो भाग वाचताना धर्मांतर हा क्षण नसून दीर्घ प्रवास असतो, हे उमगते.

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगरला राहिले, १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मिशनच्या छायेतच त्यांनी शेकडो अभंग आणि गीते लिहिली, ‘ख्रिस्तायना’स हात घातला. परंतु ख्रिस्त या मातीत उपरा का वाटतो, हा प्रश्न त्यांना छळत राहिला. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. पुलावरून आलेल्याला पूल मोडून टाका म्हणणाऱ्यांशी त्याचे जमणे कठीणच. १९१७ मध्ये मिशनची चाकरी आणि वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. ख्रिस्ताला गुरू मानणे एवढीच अट. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

या शोकांतिकेकडे समीक्षकाने कसे पाहावे? ‘संस्था वाईट, व्यक्ती चांगली’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. माझ्या मते तो टाळला पाहिजे. टिळकांचे अभंग आज कोठे गायिले जातात? मराठी चर्चमध्येच, रविवारच्या उपासनेत. कवीने ज्या भिंतींबाहेर पाऊल टाकले, त्या भिंतींनीच त्याचे शब्द जपले. ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तेही एका श्रद्धावंत समाजाच्या आधारावर. दरबाराला तसा समाज लाभला नाही. गुरू गेला आणि गणगोत पांगले. आणखीही एक गोष्ट आहे. नगर जिल्ह्यातील ज्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांना शाळा, दवाखाना आणि नावापुढे मानाचा शब्द दिला तो संस्थेने. त्यांना जाऊन ‘ख्रिस्त हवा, पाद्री नको’ असे सांगण्याचा अधिकार ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शाळा होती त्याला कितपत आहे?

येथे चोखोबांची आठवण होते. चोखोबा देवळाबाहेर राहिले, कारण त्यांना आत घेतले नाही. त्यांची समाधीही देवळाच्या पायथ्याशीच आहे. आम्ही ख्रिस्ताच्या देवळाबाहेर राहतो, कारण आम्हाला आत जायचे नाही. दोन्ही ठिकाणी उंबरठा आहे. परंतु एकाच्या बाहेर राहण्यात वेदना आहे, दुसऱ्याच्या बाहेर राहण्यात सोय असू शकते. सोयीची भक्ती ही भक्तीच नव्हे, हे सांगायला ख्रिस्ताची गरज नाही, तुकोबा पुरेत.

तरीही टिळकांच्या दरबाराचे मोल मी कमी मानत नाही. माणसाच्या अंतःकरणातले स्थित्यंतर नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहावे, हा प्रश्न आमच्या राज्यात तरी केवळ तात्त्विक राहिलेला नाही. १९६८ च्या कायद्याने धर्मांतराची सूचना जिल्हा दंडाधिकाऱ्यास देणे आवश्यक केले. २०२१ च्या कायद्याने ती साठ दिवस आधी मागितली. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच शहरातील उच्च न्यायालयाने त्या तरतुदीला प्रथमदर्शनी घटनाबाह्य म्हणून तिच्या भंगाबद्दल सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. राजनांदगावच्या गाडीत बसलेल्या टिळकांनी साठ दिवस आधी काय लिहून दिले असते? डोंगरावरील प्रवचन वाचून झोप उडाली आहे, एवढेच. ते कोणत्या धर्माचे, हे त्यांनाच तेव्हा ठाऊक नव्हते.

या शहराला विनोबांनी ‘संस्कारधानी’ म्हटल्याचे येथे अभिमानाने सांगितले जाते. त्याच विनोबांनी ख्रिस्तवचनांचे सार निवडून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध केले. ते कोणत्याही चर्चचे सभासद नव्हते. पण भूमिहीनांसाठी वर्षानुवर्षे पायी हिंडले. फुले, रमाबाई, टिळक, विनोबा या चौघांत कोणी बाहेर राहिले, कोणी आत गेले, कोणी आत जाऊन पुन्हा अंगणात आले. त्यांना जोडणारा धागा एकच : ख्रिस्तावर प्रेम केल्याची किंमत प्रत्येकाने आपल्या आयुष्यातून चुकती केली. म्हणून ‘ख्रिस्त हवा, पाद्री नको’ असे कोणी म्हणाले, तर मी आता त्याच्याशी वाद घालत नाही. ख्रिस्त हवा म्हणजे काय काय सोडायची तयारी आहे, एवढेच विचारतो. हा प्रश्न पहिल्यांदा मी स्वतःला विचारला, तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते.