वाड्यात जुनं पिस्तूल सापडलं, तर ते कुणाचं? घरात ठेवता येतं का?

बारामतीत कऱ्हेकाठी पेशव्यांचे सावकार बाबूजी नाईकांचा वाडा आहे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर तलवार, दांडपट्टा निघाला तर फारसं कुणाला नवल वाटत नाही. पण गंजलेलं चकमकीचं पिस्तूल निघालं तर?

चकमकीचं पिस्तूल म्हणजे काय?

आधीच्या बंदुकीला पेटता तोडा लागायचा. पावसात तो विझायचा. 1610च्या सुमारास फ्रान्समध्ये नवी युक्ती आली. घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसवलेली असते. चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर आपटते, ठिणगी रंजकावर पडते आणि नळीतली दारू पेटते. एकदा बार काढला की दारू आणि गोळी पुन्हा गजाने ठासावी लागायची. त्यामुळे घोडेस्वार आणि अधिकारी ते अगदी जवळच्या लढाईसाठी बाळगत.

1761च्या पानिपतात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींकडे चकमकीच्या बंदुका होत्या. 1840च्या दशकात ब्रिटिश फौजेने टोपीची बंदूक घेतली आणि चकमक मागे पडली.

कंपनीचं पिस्तूल कसं ओळखायचं?

ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या शस्त्रांवर बदामाच्या आकाराचं चिन्ह असतं. 1808 नंतर त्याजागी मागच्या पायांवर उभा सिंह आला. पण नकलाही भरपूर आहेत, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा 1959च्या कलम 45 नुसार पुरातन शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही गोळी झाडू शकणार नसेल तरच. चालू शकत असेल तर परवाना हवा. 100 वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. 1972च्या कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाही. जमिनीत किंवा भिंतीत दडवलेलं सापडलं आणि किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर 1878च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सापडलं तर काय करायचं?

चाप ओढून बघू नका. ठासलेली दारू नळीत तशीच असू शकते आणि ती जुनी झाली तरी पेटते. घासूनपुसून चकचकीतही करू नका, खुणा पुसल्या जातात. रीलही नंतर. आधी पोलीस ठाण्यात कळवा, मग पुरातत्त्व विभागाला दाखवा.

वस्तू कुठे आणि कशी सापडली, हे लिहून ठेवा. ती माहिती गेली, तर उरतं फक्त जुनं लोखंड.