रिकवूड : एक मैदान, दोन वेळापत्रके

जोडून आलेल्या शनिवार-रविवारी आम्ही अटलांटाहून बर्मिंगहॅमला गेलो ते रिकवूड फील्ड पाहण्यासाठी. अलाबामा राज्यातले हे बेसबॉलचे मैदान १८ ऑगस्ट १९१० रोजी खुले झाले. बॉस्टनच्या फेनवे पार्कहून दोन वर्षांनी आणि शिकागोच्या रिग्ली फील्डहून चार वर्षांनी ते वडील. व्यावसायिक बेसबॉलचे अमेरिकेतले आज उभे असलेले सर्वांत जुने मैदान म्हणून त्याची ख्याती आहे. क्रिकेटवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना या खेळातले बारकावे कळतात अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. परंतु जुन्या वास्तूत माणसांना कसे बसवले, कोणाला कुठून आत घेतले, याच्या खुणा शोधायला खेळाचे नियम पाठ असावे लागत नाहीत.

बर्मिंगहॅम हे तसे तरुण शहर. १८७१ साली कोळसा आणि लोखंड यांच्या जोरावर ते वसले. रिकवूड बांधणारा रिक वुडवर्ड हा लोखंडाच्या कारखानदारांच्या घराण्यातला. शहरातला ‘बॅरन्स’ हा गोऱ्या खेळाडूंचा संघ त्याने विकत घेतला आणि पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डच्या धर्तीवर काँक्रीट व पोलाद वापरून त्याच्यासाठी हे मैदान उभारले. ‘रिकवूड’ हे नाव त्याच्याच नावाचे दोन तुकडे जोडून झाले आहे. प्रवेशद्वाराचा स्पॅनिश मिशन शैलीतला दर्शनी भाग १९२८चा, तर छपरावरून पुढे झुकलेले दिव्यांचे मनोरे १९३६चे. एवढी माहिती घेऊन माणूस आत शिरतो, हिरव्या गवताकडे पाहतो आणि किती छान जपले आहे, असे म्हणून मोकळा होतो. आमचेही पहिल्या अर्ध्या तासात तसेच झाले.

परंतु या मैदानाला एक नव्हे, दोन वेळापत्रके होती. १९२० पासून शहरातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा ‘ब्लॅक बॅरन्स’ हा संघ येथे खेळू लागला. गोरे बॅरन्स परगावी गेले की मैदान रिकामे पडे. तेवढ्या दिवसांपुरते ते भाड्याने मिळे. म्हणजे एकाच पिचरच्या उंचवट्यावरून आणि एकाच होम प्लेटवर दोन संघ आळीपाळीने खेळत. एकमेकांविरुद्ध मात्र कधी नाही. प्रेक्षकांचेही तसेच. गोऱ्यांच्या सामन्याला कृष्णवर्णीयांना वेगळ्या जागी बसावे लागे; ब्लॅक बॅरन्सच्या सामन्याला आलेल्या गोऱ्यांसाठी वेगळी जागा राखली जाई. व्यवस्था वरवर पाहता सममित दिसते. वास्तविक एका बाजूला मालकी होती आणि दुसऱ्या बाजूला भाडेपावती.

तरीही त्या उसन्या दिवसांत जे घडले ते उसने नव्हते. १९२७ ते १९३० या काळात सॅचेल पेज येथे ब्लॅक बॅरन्ससाठी चेंडू टाकत होता. कारखान्यांतल्या कामगार-संघांतून खेळाडू घडत. पायपर डेव्हिस त्यांतलाच एक. रविवारी प्रार्थना आटोपली की लोक चर्चमधल्या पोशाखातच मैदानाकडे वळत. १९४८ साली डेव्हिस संघाचा व्यवस्थापक असताना जवळच्या वेस्टफील्डमध्ये जन्मलेला एक शाळकरी मुलगा, शाळा सांभाळून, आउटफिल्डमध्ये उभा राहू लागला. त्याचे वय होते १७ आणि नाव होते विली मेज. त्या वर्षी ब्लॅक बॅरन्सने निग्रो अमेरिकन लीग जिंकली आणि अखेरच्या निग्रो लीग वर्ल्ड सिरीजपर्यंत मजल मारली. तेथे होमस्टेड ग्रेजकडून त्यांचा पराभव झाला.

१९४७ साली ब्रुकलिनमध्ये जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत ओलांडली होती. बर्मिंगहॅमने मात्र ती आणखी उंच केली. गोऱ्या-काळ्यांनी मिळून पत्ते, फासे, डॉमिनो वा चेकर्स खेळू नयेत असा शहराचा नियम होताच. १९५० साली त्यात बेसबॉल, फुटबॉल आणि बास्केटबॉल यांचीही भर पडली. १९५४च्या आरंभी नगर प्रशासनाने खेळांवरचे हे बंधन उठवले, तेव्हा नागरिकांनी त्यावर मतदान मागितले आणि १ जून रोजी सुमारे तीनास एक अशा बहुमताने बंदी परत आणली. सार्वजनिक शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १७ मे रोजी लागला होता. हा नियम कोणा एका हुकूमशहाने लादला नव्हता, मतपेटीतून आला होता, हे विसरता येत नाही. १९६१च्या हंगामानंतर बॅरन्स ज्या संघटनेत खेळत ती मोडली. दोन वर्षे येथे व्यावसायिक बेसबॉल झालेच नाही. मिश्र संघ रिकवूडवर उतरला तो १९६४ साली.

या इतिहासातला एक धागा आम्हांला विशेष अस्वस्थ करतो. १९६३च्या मे महिन्यात निदर्शक मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडणारा युजीन ‘बुल’ कॉनर शहराला प्रथम ठाऊक झाला तो रेडिओवरचा बेसबॉल-समालोचक म्हणून. परगावच्या सामन्यांचा त्रोटक तपशील तारेने येई आणि स्टुडिओत बसून तो त्याचे रसभरीत वर्णन करी. त्या लोकप्रियतेवर तो १९३४ साली विधिमंडळात गेला आणि १९३७ साली पोलीस खाते त्याच्या हाती आले. न पाहिलेला खेळ श्रोत्यांना दिसेल असा सांगणे ही एक प्रकारची वाङ्मयीन शक्तीच. ती माणसाला उदार करतेच असे नाही, एवढे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवलेले बरे.

आणि भिंत पडल्यावर काय झाले? मेज १९५० साली जायंट्सकडे गेला. इतरही गुणी खेळाडू मोठ्या संघांनी उचलले. खेळाडू स्वीकारले गेले, त्यांचे संघ नव्हेत. प्रेक्षक ओसरले आणि १९६०च्या दशकारंभी ब्लॅक बॅरन्स नाहीसे झाले. न्याय मिळाला, पण त्या रविवारांचे घर गेले. या हानीविषयी बोलणे म्हणजे जुन्या व्यवस्थेचे समर्थन करणे नव्हे.

नोंदींचा न्याय त्याहून उशिरा आला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना ‘मेजर’ दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी मुख्य नोंदींत मिळवली. जॉश गिब्सनची ·३७२ ही सरासरी टाय कॉबच्या ·३६७च्या वर गेली. मेजच्या खात्यात १९४८चे १० हिट जमा होऊन एकूण ३,२९३ झाले. १८ जून २०२४ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी, मेज वारला. बातमी आली तेव्हा रिकवूडवर सामना चालू होता. दोनच दिवसांनी येथे जायंट्स आणि कार्डिनल्स यांचा सामना झाला. त्या गौरव-समारंभात रेजी जॅक्सनला, १९६७ साली येथे खेळलेल्या या खेळाडूला, परत आल्यावर कसे वाटते असे विचारले गेले. त्याने गोड आठवण सांगितली नाही. जेवण नाकारणारी उपाहारगृहे, खोली नाकारणारी हॉटेले आणि ज्यांच्या घरी तो झोपे त्यांना मिळालेल्या धमक्या यांविषयी तो बोलला. समारंभातले सर्वांत खरे शब्द बहुधा तेच असावेत.

मैदानावरचा जुन्या धाटणीचा धावफलक आपल्याला भूतकाळात नेतो; तो १९९४च्या ‘कॉब’ या चित्रपटासाठी उभारलेला आहे. जुनी काँक्रीटची भिंत आजच्या कुंपणाच्या मागे आहे. चित्रपटाचा भूतकाळ दर्शनी आणि खरा भूतकाळ मागच्या बाजूला, असा हा योग कोणी जाणूनबुजून जुळवलेला नसावा. पण तो पाहिल्यावर आम्ही मैदानाला पुन्हा एक फेरी मारली.

निघण्यापूर्वी सावली पाहून थोडा वेळ बसलो. शहराच्या जुन्या नियमात दोनच रंग होते. १९४८च्या एखाद्या रविवारी आम्ही तिकीट काढून आलो असतो, तर आम्हांला कुठे बसवले असते? आणि बसवले तिथे आम्ही मुकाट बसलो असतो का? परतीच्या वाटेवर दोन्ही प्रश्नांवर बोलणे झाले. पहिल्यावर बरेच, दुसऱ्यावर फारच थोडे.